ओपनमीडियाव्हॉल्ट : घरच्या स्टोरेज सर्व्हरचा दोन उन्हाळ्यांचा अनुभव आणि काही मागण्या

जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या मधल्या खोलीत, कपाटाशेजारच्या कट्ट्यावर, एक जुना डेस्कटॉप संगणक गेले दोन उन्हाळे काम करीत आहे. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही; विजेची वायर आणि राउटरकडून आलेली नेटवर्क केबल, एवढेच जोडलेले आहे. आत प्रत्येकी ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क आहेत. बाबांनी जपलेल्या जमिनीच्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती, जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेले लग्नांचे चित्रीकरण, दर जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे यात्रेत, काढलेले फोटो आणि अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत दादाचा जो टॉवेलचा छोटा कारखाना आहे त्याच्या जॅकार्ड (नक्षीदार विणकामाच्या) डिझाइनच्या फायली, असा घरातला सगळा ठेवा त्यांच्यावर आहे. हा संगणक म्हणजे आमचा सर्व्हर, घरातील सर्वांना नेटवर्कवरून फायली ठेवता-काढता येणारे सामाईक कोठार, आणि तो ओपनमीडियाव्हॉल्ट या सॉफ्टवेअरवर चालतो. त्याच्याविषयी माझे मत चांगले आहे आणि हे सॉफ्टवेअर आणखी चांगले व्हावे अशी माझी तळमळ आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्व्हर घरी ठेवण्याची गरज का पडली, ते थोडक्यात सांगतो. गूगल फोटोजमधील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आणि १५ जीबीची मर्यादा घरातल्या प्रत्येक फोनला वर्षभरात जाणवू लागली. दादाचा प्रश्न वेगळा होता. गिऱ्हाइकाने पसंत केलेले डिझाइन दोन-तीन वर्षांनी पुन्हा मागितले जाते आणि तेव्हा ती फाइल कोणत्या पेन ड्राइव्हमध्ये आहे, हे शोधण्यात कारखान्याचा अर्धा दिवस जात असे.

ओपनमीडियाव्हॉल्ट हे डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर उभारलेले, जीपीएल या मुक्त परवान्याखालील मोफत सॉफ्टवेअर आहे. फ्रीनॅस या अशाच स्टोरेज सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात आधी काम केलेले जर्मन प्रोग्रामर फोल्कर थाइले यांनी ते सुरू केले आणि त्याची पहिली आवृत्ती २०११ मध्ये आली. मी वापरतो ती सातवी आवृत्ती मार्च २०२४ मधली असून ती डेबियन १२ वर आधारलेली आहे. १ जीबी रॅमवरही ते चालू शकते, त्यामुळे आमच्या ८ जीबी रॅमच्या जुन्या संगणकाला त्याचा भार जाणवत नाही. हा संगणक सरासरी ३५ वॉट वीज घेतो, म्हणजे महिन्याला सुमारे २५ युनिट. घरात चोवीस तास चालणाऱ्या यंत्राच्या मानाने हा खर्च मला मान्य आहे.

चांगल्या गोष्टींत मी सर्वांत वरचे स्थान त्याच्या सावधपणाला देईन. ब्राउझरमधून कोणतीही सेटिंग बदलली की ती लगेच लागू होत नाही; पानाच्या वरच्या बाजूला पिवळी पट्टी येते आणि तिथे पुन्हा एकदा मान्यता दिल्यावरच बदल अमलात येतो. घाईत केलेली चूक मागे घेण्याची ही संधी मला अनेकदा उपयोगी पडली आहे. फोल्डर कोणाला फक्त पाहता यावा आणि कोणाला त्यात लिहिता यावे, हे व्यक्तीगणिक ठरवता येते. दादाच्या डिझाइनचा फोल्डर घरातील मुलांना दिसतसुद्धा नाही, आणि बाबांची कागदपत्रे सर्वांना वाचता येतात पण पुसता येत नाहीत. गिगाबिट केबलवरून सेकंदाला शंभर एमबीपेक्षा अधिक वेग मिळतो. दोन वर्षांत या सॉफ्टवेअरमुळे एकही फाइल गमावलेली नाही, हे मी स्वच्छ सांगतो.

मात्र त्याची सगळी रचना एकच माणूस समोर धरून केलेली आहे, आणि तो माणूस म्हणजे व्यवस्थापक. आमच्या घरात ते काम मी करतो. घरातील इतर माणसे फायली ठेवतात आणि काढतात. पण आपण ठेवलेले सुरक्षित आहे की नाही, हे त्यांना कळण्याची सोय नाही. सामान्य वापरकर्त्याने आपल्या खात्यातून प्रवेश केला तर त्याला स्वतःच्या खात्यापलीकडे फारसे काही दिसत नाही. एक साधे पान असावे, ज्यावर आईला मराठीत एवढेच वाचता येईल : ‘सर्व फायली ठीक आहेत, शेवटची प्रत काल रात्री दोन वाजता घेतली.’ माझी पहिली मागणी हीच आहे, आणि पुढच्या बहुतेक मागण्या हिच्यातूनच निघतात.

सोलापुरात विजेचा विषय आधी येतो. वीज गेल्यावर सर्व्हर व्यवस्थित बंद व्हावा म्हणून एनयूटी नावाचा प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा पूरक भाग) उपलब्ध आहे, आणि यूएसबीने संगणकाशी बोलणारा यूपीएस असेल तर तो उत्तम काम करतो. आपल्याकडे मात्र बहुसंख्य घरांत इन्व्हर्टर असतो, आणि साध्या इन्व्हर्टरला संगणकाशी बोलता येत नाही. वीज गेली आहे आणि बॅटरी उतरत चालली आहे, याची सर्व्हरला काहीच कल्पना नसते. बॅटरी संपते त्या क्षणी तो लिहिता लिहिता बंद पडतो. यावर मी एक उपाय केला आहे. जुना वायफाय राउटर मी इन्व्हर्टर नसलेल्या सॉकेटवर लावला आहे आणि सर्व्हर दर मिनिटाला त्याला हाक मारतो. सलग पंधरा मिनिटे उत्तर आले नाही तर सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. ही स्क्रिप्ट मी हाताने लिहिली; ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी काय करावे? ‘अमुक पत्त्यावरील यंत्र अमुक मिनिटे गप्प असेल तर बंद व्हावे’ एवढी एक नोंद पॅनेलमध्ये, म्हणजे ब्राउझरमधून उघडणाऱ्या सेटिंगच्या पानांत, करता आली, तर इन्व्हर्टर असलेल्या प्रत्येक घराची सोय होईल.

या उपायाला एक उपप्रश्न आहे, आणि तो माझ्या लक्षात बराच उशिरा आला. वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा अशी सेटिंग बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, असते. पण इन्व्हर्टरमुळे संगणकाचा वीजपुरवठा मध्ये तुटलेलाच नसतो, त्यामुळे ती सेटिंग जागी होत नाही आणि सर्व्हर बंदच राहतो. मी ऑफिसात असलो तर आईला फोन करून बटण दाबायला सांगावे लागते. सॉफ्टवेअर बंद अवस्थेत स्वतःला जागे करू शकत नाही, हे मला समजते. पण बंद होताना ‘वीज नसल्यामुळे बंद होत आहे, वीज आल्यावर बटण दाबावे’ असा संदेश घरातल्या सर्वांच्या फोनवर गेला, तर आईला माझ्या फोनची वाट पाहावी लागणार नाही.

उन्हाळ्याचे वेगळे सांगायला नको. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर दिवसेंदिवस टिकतो, आणि दुपारी बंद खोलीत आमच्या एका डिस्कचे तापमान मी ५२ अंश पाहिले आहे. घरगुती हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात कमाल मर्यादा बहुधा ६० अंश किंवा त्याहून थोडी वर दिलेली असते, म्हणजे तत्काळ धोका नव्हता. तरी मी दुसऱ्या दिवशी पंखा बसवला. तापमानाची सूचना देण्याची सोय ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये स्मार्ट तपासणीच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी ठेवते त्या तपासण्याच्या, विभागात आहे. परंतु ती तपासणी आधी चालू करावी लागते, मग प्रत्येक डिस्कसाठी स्वतंत्रपणे चालू करावी लागते, आणि तापमानाच्या रकान्यात स्वतः आकडा भरावा लागतो. नव्याने सर्व्हर उभारणाऱ्याला हे तीन टप्पे कोणी सांगत नाही. डिस्क जोडताक्षणीच ही तपासणी आपोआप सुरू व्हावी. तिचे निष्कर्षही माणसाच्या भाषेत यावेत. या नोंदींतील पाचव्या क्रमांकाचा आकडा वाढला, म्हणजे डिस्कने खराब झालेल्या जागा बदलून घेतल्या. १९७ क्रमांकाचा वाढला, म्हणजे काही जागा नीट वाचता येत नाहीत. हे मी वाचून शिकलो. ‘ही डिस्क महिनाभरात बदलावी’ असे वाक्य दादालाही समजेल, १९७ हा आकडा त्याला काही सांगत नाही.

सूचना पोहोचवण्याचा मुख्य मार्ग ईमेल आहे, आणि तो सुरू करणे हीदेखील एक परीक्षाच आहे. साध्या पासवर्डने जीमेलमधून मेल पाठवण्याची सवलत गूगलने ३० मे २०२२ पासून काढून घेतली असल्यामुळे आधी द्विस्तरीय पडताळणी, मग स्वतंत्र अॅप पासवर्ड, असे करावे लागते. सूचना चालू केलेली नसेल तर मुखपृष्ठावर तसा ठळक इशारा राहिला पाहिजे. नाहीतर डिस्क आजारी पडते आणि सर्व्हर ते कोणालाच कळवू शकत नाही.

पुसलेल्या फायलींचा प्रश्न आम्ही स्वतः भोगला आहे आणि त्यात चूक आमचीच होती. पुतण्याने लॅपटॉपवर जागा करण्यासाठी एका रविवारी संध्याकाळी गड्ड्याच्या यात्रेच्या फोटोंचा फोल्डर पुसला. तो लॅपटॉपमधला आहे असे त्याला वाटले; प्रत्यक्षात तो झेड या अक्षराने जोडलेला सर्व्हरचा फोल्डर होता. विंडोजमध्ये नेटवर्क ड्राइव्हवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट नाहीशी होते. मी रोज रात्री पहिल्या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतो. पण त्या कामात ‘मूळ ठिकाणी पुसलेले प्रतीतूनही पुसावे’ हा पर्याय मीच निवडलेला होता, त्यामुळे सोमवारी पहाटे दुसरी प्रतही गेली. मंगळवारी वहिनींनी फोटो उघडायला घेतले तेव्हा हे लक्षात आले. दर शनिवारी एक तिसरी डिस्क भरून मी दादाच्या कारखान्यातील कपाटात ठेवतो, तिच्यावर सगळे फोटो शाबूत होते, म्हणून आज ते आहेत.

ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये नेटवर्क फोल्डरसाठी रिसायकल बिनची सोय आहे, हे मला त्यानंतर समजले. ती प्रत्येक फोल्डरसाठी वेगळी आणि मुळात बंद असते. चालू केल्यावर पुसलेल्या फायली एका लपलेल्या फोल्डरात ठरावीक दिवस राहतात. सोय इतकी मोलाची असताना ती आधीपासून चालू का नसावी? ती मुळातच चालू असावी, किमान ३० दिवसांची असावी, आणि पुसलेली फाइल परत आणण्यासाठी स्वतंत्र पान असावे, जिथे पुतण्या स्वतः जाऊन आपली चूक दुरुस्त करू शकेल. प्रत घेण्याच्या कामात तो पुसण्याचा पर्याय निवडताना त्याचा परिणाम एका वाक्यात समोर यायला हवा.

आता मराठी नावांविषयी, कारण हा प्रश्न आपण मांडला नाही तर दुसरे कोणी मांडणार नाही. सर्व्हरच्या डिस्कवरील ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये (फायली मांडण्याच्या पद्धतीत) फाइलच्या नावाची मर्यादा २५५ अक्षरांची नसून २५५ बाइटची असते, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. मात्रा, वेलांट्या आणि हलन्तसुद्धा स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘सिद्धेश्वर’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो. त्यात दहा चिन्हे आहेत आणि तो ३० बाइट व्यापतो. म्हणजे मराठी नावाला जेमतेम ८५ चिन्हे मिळतात. विंडोजमध्ये मात्र २५५ चिन्हांपर्यंतचे नाव चालते. बाबांना फाइलच्या नावातच गावाचे नाव, गट क्रमांक, खातेदार आणि उताऱ्याचे वर्ष लिहिण्याची सवय आहे, आणि त्यांच्या लॅपटॉपवर सुखाने नांदणारी अशी नावे सर्व्हरवर बसत नाहीत. मर्यादा लिनक्सची आहे, ती ओपनमीडियाव्हॉल्टने हटवावी असे माझे म्हणणे नाही. फायली आणण्यापूर्वी लांब नावांची यादी दाखवून ती लहान करण्याची सोय मात्र देता येईल.

शोधाचीही अशीच गोष्ट आहे. ‘तिसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो : एकात स्वतंत्र ऱ हे चिन्ह असते, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. फोनवर नाव दिलेली फाइल लॅपटॉपवर शोधताना म्हणूनच ती सापडत नाही. साठ्यातील नावांचा शोध ओपनमीडियाव्हॉल्टने पॅनेलमध्येच द्यावा, आणि त्यात ही दोन रूपे एकच मानली जावीत. हे काम अवघड नाही आणि त्याचा लाभ मराठीपुरता राहणार नाही. अनेक चिन्हे मिळून एक अक्षर घडवणाऱ्या इतर भारतीय लिप्यांनाही असा शोध लागतोच.

लहान तक्रारी लवकर सांगतो. पाच मिनिटे हात लावला नाही तर पॅनेल बाहेर काढते. ही मुदत वाढवता येते, पण ते शोधावे लागते. ४ टीबीची डिस्क ३.६ दाखवली जाते, कारण मोजण्याचे एकक वेगळे आहे, आणि दुकानदाराने फसवले की काय असे दादाने मला विचारले होते. शेजारी एक स्पष्टीकरण पुरेसे आहे.

शेवटची मागणी मला सर्वांत निकडीची वाटते. उद्या संगणक बिघडला आणि मी गावात नसलो, तर घरचे लोक डिस्क काढून जवळच्या दुकानात नेतील. तिथे ती विंडोजच्या संगणकाला जोडली जाईल, विंडोजला ईएक्सटी४ वाचता येत नाही, आणि डिस्क वापरण्यासाठी आधी फॉरमॅट (पुसून कोरी) करावी लागेल असा प्रश्न पडद्यावर येईल. कोणी भाबडेपणाने होकार दिला तर सगळा ठेवा धोक्यात येईल. कोणत्या डिस्कवर काय आहे, तिचा अनुक्रमांक कोणता, ती कशी वाचावी आणि काय अजिबात करू नये, हे सारे भरलेले एक पान सॉफ्टवेअरने स्वतः तयार करून छापायला द्यावे. सध्या मी ते हाताने लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले आहे. ‘फॉरमॅट करू का असे विचारले तर नाही म्हणा, आणि दादाला फोन करा’ ही ओळ लाल शाईत आहे. त्याची दुसरी प्रत कारखान्यात, तिसऱ्या डिस्कच्या डब्यात ठेवली आहे.