पिकअपच्या हौद्याला स्प्रे लायनर : १४ महिने केळी, खत आणि खडी वाहिल्यानंतर

आमची पिकअप रावेर तालुक्यात चालते, त्यामुळे ती काय वाहते हे वेगळं सांगायला नको. कापणी असली की केळीचे घड, नसली की खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्यांची बंडलं, मधेच कुणाच्या बांधकामाची खडी. हौद्याला आतून स्प्रे लायनर, म्हणजे पत्रा वाचवायला फवारून बसवायचा थर, मी दोनदा मारून घेतलं. पहिलं सहा आठवड्यांत सुटलं. दुसरं त्याच वर्षी डिसेंबरात मारलं, त्याला आता १४ महिने झाले आणि ते टिकून आहे. माल दोन्ही वेळी एकाच जातीचा, हार्डनर (थर घट्ट करणारं रसायन) मिसळून गनने मारायचं काळं पॉलियुरेथेन. फरक होता तो गन हातात घेण्याआधीच्या कामात.

पहिलं काम ऑगस्टमधलं. सकाळी गाडी धुतली, दुपारी मारलं, संध्याकाळी चावी हातात. दिसायला झकास. पुढे एक दिवस फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या दाराच्या) कडेला जरा उचललेलं दिसलं म्हणून नख घातलं, तर वीतभर पट्टी केळीच्या खोडाचं सोपट सोलावं तशी अलगद हातात आली. खाली कंपनीचा मूळ रंग जसाच्या तसा चकचकीत, पॉलिश पेपरचा एक ओरखडाही नाही. पट्टी उलटी करून पाहिली तर मागून बारीक बारीक फोड. पत्र्यावर किंवा हवेत ओल असली की हार्डनरमधलं आयसोसायनेट हे रसायन पाण्याशी अभिक्रिया करतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि थराखाली अडकतो. वर पहिल्या कारागिरांनी तळाची पाणी निघायची भोकंही बुजवून टाकली होती. पावसाचं पाणी हौद्यात उभं राहायचं आणि सुटलेल्या थराखाली शिरायचं. मला फार वाईट वाटलं, कारण पैशांपेक्षा पत्रा जास्त गेला होता.

आपल्याकडे पत्रा खाणारी खरी वस्तू म्हणजे पोटॅश. केळीला ते भरपूर लागतं आणि लाल-पांढरं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, सरळ क्षारच. गोणी फाटून कोपऱ्यात सांडलं, त्यावर दव पडलं की गंजाला आणखी काही नको.

दुसऱ्या वेळी जळगावच्या एका पेंटरकडे गेलो. त्याने पहिल्यांदाच सांगितलं, "भाऊ, मारायला दोन तास लागतील, घासायला दोन दिवस. गाडी ठेवून जात असाल तरच हात लावतो." त्याने फाळका उतरवला, कड्या नि हुक काढले. जुना थर खरवडला. मग आधी थिनरने पुसून तेल-ग्रीस काढलं आणि त्यानंतर घासायला घेतलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी घासलं तर तेल ओरखड्यांत जाऊन बसतं. ८० नंबरच्या पेपरने सगळा पत्रा चकाकी जाईपर्यंत घासला, कोपरे नि जोड तारेच्या ब्रशने. गंज उघड्या लोखंडापर्यंत काढून तिथे इपॉक्सी प्रायमर, म्हणजे खालचं अस्तर, दिला. भोकांत कागदाच्या गुंडाळ्या घातल्या, बाकी सगळीकडे मास्किंग टेप. दुसऱ्या दिवशी दव उडून पत्रा कोरडा झाल्यावर सावलीत मारायला सुरुवात केली. उन्हात तापलेल्या पत्र्यावर वरची साय लगेच धरते आणि आत छिद्रं राहतात, त्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्यात हे काम उघड्यावर करूच नये.

एका वेळी पातळ थर, मग तो सुकू द्यायचा, असे तीन थर. गन जवळ धरली की दाणा जाड येतो, लांब धरली की बारीक. शेवटचा थर मऊ असतानाच टेप ओढली, म्हणून कड एका रेषेत तुटली. आठवडाभर गाडीत जड काही भरलं नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. तिथला पोरगा तोंडाला रुमाल बांधून गन धरणार होता, मी थांबवलं. आयसोसायनेटचा फवारा छातीत गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क सगळ्यांत चांगला. तो नसेल तर निदान गॅस कार्ट्रिजचा तरी हवाच. रुमालाने काहीही अडत नाही.

आता १४ महिन्यांचा हिशेब. तळ नि भिंती कुठेही सुटलेल्या नाहीत. खडी ओतल्यावर पूर्वी पत्रा उघडा पडायचा, आता नुसता पांढुरका ओरखडा उठतो. पोचे मात्र पडतातच, कारण हा थर मिलिमीटरभरसुद्धा नाही. मशीनवर गरम करून जास्त दाबाने मारतात तो पॉलियुरियाचा प्रकार दोन-तीन मिलिमीटर बसतो. रोज दगड-लोखंड वाहणाऱ्याने तोच करावा. रिकामी गाडी खडखडायची तो आवाजही कमी झाला.

केळीवाल्यांनी मात्र लक्ष द्या. दाणेदार पृष्ठभागावर घड घासला तर सालीवर काळे चट्टे उमटतात. आम्ही खाली वाळलेल्या पानांचा जाड थर दिल्याशिवाय घड ठेवत नाही. पुन्हा केलं तर तळाला दाणा बारीकच ठेवायला सांगेन. चीक दाण्यांत जाऊन बसतो, त्याच दिवशी ब्रशने धुतला तर निघतो, वाळला की डाग राहतो. उन्हाने वरच्या कडा राखाडी पडल्यात. तो रंगाचा फरक आहे, पकड तशीच आहे.

दुसऱ्या कामाला मालापेक्षा मजुरी जास्त गेली आणि मी ती आनंदाने दिली. फाळक्याच्या खालच्या ओठाला, जिथे गोण्या ओढताना रोज घासतं, तिथे बोटभर जागा लोखंडापर्यंत गेली आहे. पेंटरने उरलेला माल ठेवलेला नाही, एकदा मिसळला की तो डब्यातच दगड होतो. म्हणून छोटं किट मागवलंय. मृगाच्या आत तेवढी जागा घासून, प्रायमर देऊन भरून घेणार आहे.