पदवीचं शिक्षण की कामात राहून शिकणं?

०.१ आणि ०.२ची बेरीज पायथन या प्रोग्रामिंग भाषेला करायला सांगा. उत्तर नेमकं ०.३ येत नाही; दशांश चिन्हानंतर सतराव्या घरात एक आगंतुक ४ चिकटलेला दिसतो. नुसते व्हिडिओ बघून शिकलेला बहुतेकदा राउंड करून मोकळा होतो. पदवीला संगणक रचना नीट शिकलेल्याला आठवतं, की ०.१ हा अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १च्या) पद्धतीत कधी संपतच नाही, म्हणून पैशांचा हिशोब फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवायचा नसतो. पदवीचा मोठा फायदा हाच: नकोसे विषयही गळी उतरवले जातात, परीक्षेच्या धाकाने का होईना. स्वतःहून कोण तो धडा उघडणार होतं?

पण पदवीची वर्षं संपतात. १९७० साली मांडलेलं, माहिती तक्त्यांत ठेवायचं रिलेशनल मॉडेल आजही चालतं, हत्यारं मात्र बदलत राहतात. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट आलं २००५ मध्ये. त्याआधी पास झालेल्यांना ते काम करता करताच शिकावं लागलं. पायथन २चा अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० रोजी संपला, तेव्हाही कॉलेजच्या वह्या कामी आल्या नाहीत.

कामातल्या शिकण्याची खोट एकच: अडलं की शोधायचं, चाललं की सोडायचं. सर्टिफिकेटांचा ढीग हा त्यावर उपाय नव्हे.

नवख्याला परवडत असेल तर मी पदवीच सुचवेन. दहा वर्षं काम केलेल्याने मात्र आठवड्याचे तीन तास राखून नेटवर्किंग किंवा डेटाबेस, एकच विषय, मुळापासून पुन्हा काढावा. माझं सध्या डेटाबेस इंडेक्सवर, म्हणजे शोध जलद करणाऱ्या सूचीवर, अडलंय.