यूटी२१०ई क्लॅम्प मीटर: शेतीपंप, गिझर आणि इन्व्हर्टरवर वापरल्यानंतर

क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न कापता तिच्याभोवती जबडा धरून करंट मोजायचं यंत्र, घेताना बहुतेक जण खोक्यावरचा सगळ्यांत मोठा आकडा बघतात. ६०० अँपिअर, १००० अँपिअर. घरगुती वायरिंग आणि शेतीपंपाची कामं करणाऱ्याला तो आकडा उभ्या आयुष्यात लागत नाही. ५ एचपीची थ्री फेज मोटर साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, सबमर्सिबल असेल तर थोडं जास्त. २ किलोवॅटचा गिझर घेतो पावणेनऊ. आणि ज्या कामात अर्धा दिवस जातो ते लिकेज (वायरीतून अर्थिंगकडे पळणारा करंट) तर मिलिअँपिअरमध्ये असतं. म्हणून खिसा बेताचा असेल तर पैसे खालच्या टप्प्यासाठी मोजावेत, वरच्या नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याच हिशोबानं मी युनि-टीचा यूटी२१०ई घेतला, चार हजारांच्या आत. मागच्या पावसाळ्याच्या आधीपासून तो रोज पिशवीत आहे.

याचे करंटचे टप्पे तीन: २, २० आणि १०० अँपिअर, एसी आणि डीसी दोन्हीसाठी. २ अँपिअरच्या टप्प्यात १ मिलिअँपिअरपर्यंत आकडा दिसतो. पाच-सहाशे रुपयांच्या पिवळ्या टाँग टेस्टरमध्ये, म्हणजे स्वस्त क्लॅम्प मीटरमध्ये, सहसा सगळ्यांत लहान टप्पा २०० अँपिअरचा असतो आणि शेवटचा आकडा ०.१ अँपिअरचा, म्हणजे १०० मिलिअँपिअर. घरातली आरसीसीबी, म्हणजे लिकेज झालं की पडून सप्लाय तोडणारा स्विच, सहसा ३० मिलिअँपिअरची असते. ती कशानं पडते हे त्या टेस्टरला दिसणारच नाही.

आरसीसीबीचंच आधी सांगतो, कारण मीटरची किंमत माझ्या दृष्टीनं इथंच वसूल झाली. पावसाळ्यात एका घरी ती दिवसातून कधीही पडायची, कधी सकाळी, कधी मध्यरात्री. आधी येऊन गेलेल्या वायरमननं आरसीसीबीच बदलली होती, तरी पडतच होती. लिकेज बघायचं तर जबड्यात एकटी फेज घ्यायची नाही, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र घ्यायच्या. जाणारा करंट तेवढाच परत येत असेल तर दोघांचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना मारतं आणि मीटर शून्याजवळ राहतो. जो आकडा उरतो तो अर्थिंगकडे पळालेला करंट. डीबीमधली (घरातल्या एमसीबीच्या डब्यातली) एकेक सर्किट अशी धरत गेलो. सगळीकडे १ ते ३ मिलिअँपिअर, गिझरच्या जोडीवर मात्र १९. आता ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी ३० वरच पडते असं नाही. नियमाप्रमाणे ती १५ ते ३० च्या मध्ये कुठंही पडू शकते. १९ कायमचे वाहत असतील तर फ्रिज सुरू होतानाचा छोटा धक्काही पुरतो. एलिमेंट बदललं, प्रश्न मिटला. साध्या ओहम मीटरवर ते एलिमेंट २६ ओहम दाखवत होतं, म्हणजे अगदी बरोबर. कमी व्होल्टेजवर असलं ओलं इन्सुलेशन सापडत नाही.

एक खरं सांगायला हवं: हा लिकेजसाठी बनवलेला खास मीटर नाही. शेजारून जाड वायर जात असेल किंवा जबडा नीट मिटला नसेल तर चार-पाच मिलिअँपिअर उगाच दिसतात. दहाच्या खालच्या आकड्यावर मी निर्णय घेत नाही. पण कोणती सर्किट खराब आहे हे शोधायला तो पुरेसा आहे.

शेतीपंपावर काम वेगळं. तिथं आर, वाय, बी तिन्ही फेजचे आकडे लागोपाठ घ्यायचे, सरासरी काढायची आणि सगळ्यांत लांबचा आकडा सरासरीपासून किती टक्के दूर आहे ते बघायचं. दहा टक्क्यांच्या वर गेलं की शोध सुरू. व्होल्टेजमध्ये एक टक्का फरक असला तरी मोटरच्या करंटमध्ये सहा ते दहा टक्के फरक पडतो, त्यामुळे दोष मोटरमध्येच आहे असं लगेच धरू नये. स्टार्टरवर मोटरच्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवायच्या. तिन्ही सरकवल्या की फिरण्याची दिशा बदलत नाही. मग पुन्हा मोजायचं. वेगळा आकडा मोटरच्या वायरीबरोबर सरकला तर दोष मोटरकडे किंवा केबलमध्ये. सप्लायच्या त्याच फेजवर राहिला तर दोष मागे, डीपीपर्यंत (ट्रान्सफॉर्मरपर्यंत) कुठंही. फलटणकडच्या एका आबांना मोटर वर काढून रिवाइंडिंग करायला सांगितलं होतं. आकडा सप्लायच्या फेजवरच राहिला. मेन स्विचमधला एक कॉन्टॅक्ट जळून काळा पडला होता. विहिरीतून मोटर काढायचा खर्च वाचला.

जबडा १७ मिलिमीटरच उघडतो. जाड केबलवर काम करणाऱ्याला हे कमी पडेल, पण जुन्या स्टार्टरच्या डब्यात, जिथं वायरी एकमेकींना चिकटलेल्या असतात, तिथं हाच छोटा जबडा आत शिरतो. मोठ्या मीटरचा शिरत नाही.

डीसी करंट हा दुसरा मोठा फायदा. स्वस्त टाँग टेस्टर फक्त एसी मोजतात, कारण त्यात साधी कॉइल असते; डीसीसाठी चुंबकीय क्षेत्र थेट ओळखणारा हॉल सेन्सर लागतो. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना किती अँपिअर घेते, घरातला ४०० वॅटचा लोड १२ व्होल्टच्या बॅटरीतून पस्तीस-चाळीस अँपिअर खेचतो का, उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी रात्रीत का उतरते, हे सगळं वायर न कापता कळतं. ट्रॅक्टरचं सगळं बंद असताना ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त जात असेल तर कुठंतरी काहीतरी चालू आहे. सौर कृषी पंपाच्या पॅनलवरही इन्सुलेशनच्या वरून करंट बघता येतो. ५४० वॅटचं पॅनल भर उन्हात जास्तीत जास्त तेराच्या आसपास देतं. पंप पूर्ण जोरात चालू असताना भर दुपारी चार-पाचच दिसले तर आधी पॅनल धुवा आणि सावली बघा. चालू लोडवर पॅनलचे कनेक्टर मात्र कधीच ओढू नका. डीसीची ठिणगी तुटत नाही.

डीसी मोजताना झिरोचं बटण दाबायची सवय लागते. छोट्या टप्प्यात मीटर नुसता फिरवला तरी पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे आकडा हलतो. मी मीटर वायरीशेजारी त्याच दिशेनं धरतो, झिरो करतो आणि हात न वळवता जबडा घालतो.

ट्रू आरएमएस आहे, म्हणजे करंटची लहर वेडीवाकडी असली तरी खरा आकडा दाखवतो, आणि आता ते हवंच. साधा मीटर करंट साइन वेव्हचा आहे असं गृहीत धरून सरासरीला १.११ नं गुणतो. एलईडी ड्रायव्हर किंवा साधा बीएलडीसी पंखा करंट झटक्याझटक्यानं घेतो. तिथं असा मीटर तीस-चाळीस टक्के कमी दाखवू शकतो. अँपिअरला व्होल्टेजनं गुणून लाईट बिल काढायला जाऊ नका, पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातली खरी वापरलेली वीज किती, हे या मीटरला कळत नाही.

उणिवा सरळ आहेत. मोटर सुरू होतानाचा इनरश, म्हणजे क्षणभराचा मोठा करंट, यात पकडता येत नाही. १०० अँपिअरच्या वर उपयोग नाही. सुरक्षेचा दर्जा कॅट टू ६०० व्होल्ट, कॅट थ्री ३०० व्होल्ट आहे (कॅटचा आकडा जितका मोठा, तितकं सप्लायच्या जवळ मीटर वापरता येतो). त्यामुळे खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरवर, लाईट मीटरच्या आधी, मी याचे प्रोब लावत नाही. त्यासाठी जास्त दर्जाचा वेगळा मीटर ठेवलाय, आणि जो रोज तिथंच काम करतो त्यानं हा घेऊच नये. ठेकेदारीत कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र लागत असेल तर मेको, कुसम-मेको यांच्याकडे चौकशी करावी; जास्त पैसे पडले तरी ते इथलेच आहेत.

घेताना मॉडेलचं शेवटचं अक्षर नीट वाचा. दिसायला सगळे सारखेच, पण यूटी२१०ए मध्ये डीसी करंट नाही. दुकानात तपासायचं तर १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि एक सुटी वायर पुरते. एकटी फेज जबड्यात घेतली की ०.४३ च्या आसपास यायला हवं. तीच वायर जबड्याभोवती दहा वेढे दिली की ४.३. दोन्ही आकडे जमले, जबडा स्वच्छ मिटतोय, तर पैसे द्या.