ट्यूनिंग बॉक्स लावू की ईसीयू रीमॅप करू?

धाकट्या भावाची पोलो १.० टीएसआय आहे, ११० पीएस पुरत नाही म्हणतो, आणि रोज हाच प्रश्न.

बॉक्स बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचं प्रेशर) सेन्सरच्या वायरीत मध्ये बसतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, मग ईसीयूच बूस्ट वाढवतो. रीमॅप म्हणजे ईसीयूतलं सॉफ्टवेअरच बदलणं, त्यात बूस्ट, फ्युएल, इग्निशन टायमिंग सगळं एकमेकांना धरून बदलतं, त्यामुळे गाडी खालून वरपर्यंत एकसारखी ओढते. बॉक्सवाली एक मी चालवलीय, अर्ध्या थ्रॉटलला मधेच हिसका द्यायची, घाटात नको वाटलं.

खर्च बॉक्सचा सहसा कमी. शिवाय बॉनेट उघडा, कपलर काढा, गाडी पुन्हा स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, आणि विकताना बॉक्स वेगळा विकता येतो. रीमॅपचा माग ईसीयूत राहू शकतो, सर्व्हिसला सॉफ्टवेअर अपडेट झालं तर पैसे देऊन केलेला मॅपच उडतो.

क्लच आणि टर्बोवर ताण मात्र दोन्हींत वाढतोच, ऑइल लवकर बदलायचं. रीमॅपची फाइल आपल्या पंपावरच्या पेट्रोलसाठी बनवलेली हवी, नाहीतर नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात ठोके.

वॉरंटी शिल्लक असेल तर खरं तर थांबावं, राहवतच नसेल तर बॉक्स, तोही कमी सेटिंगवर. वॉरंटी संपलीय, गाडी अजून बरीच वर्षं ठेवायचीय, तर चांगल्या ट्यूनरकडून डेटा लॉग (गाडी चालवताना नोंदलेले इंजिनचे आकडे) बघून रीमॅप.