पीएचबीव्ही दाणा: पाच-सहा महिने मशीनवर चालवल्यानंतर

आधी निकाल सांगतो. रोपाच्या पातळ कुंडीला पीएचबीव्ही, म्हणजे जीवाणूंनी बनवलेल्या आणि मातीत मुरणाऱ्या प्लास्टिकचा दाणा, चालतो, वाकवायच्या क्लिपला नाही, आणि मशीनमधून आत्ता बाहेर पडलेला पीस हातात घेऊन या मालाबद्दल कुणी मत देऊ नये, किमान महिनाभर फळीवर पडू द्या मग बोला.

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मोल्डिंगचं युनिट आहे, रोजचं काम पीपी आणि एचडीपीई या नेहमीच्या प्लास्टिकचं. एका रोपवाटिकावाल्यांना मातीत मुरणाऱ्या कुंड्या आणि वेलीला बांधायच्या क्लिपा पाहिजे होत्या म्हणून हा दाणा आणला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे बॅक्टेरियानं बनवलेलं पॉलिस्टर आहे. साखर भरपूर आणि नायट्रोजनसारखं बाकीचं खाद्य कमी पडलं की काही जीवाणू पोटात पीएचबी नावाचं पॉलिमर (लांब साखळीसारखे रेणू) साठवून ठेवतात, १९२६ साली फ्रान्सच्या लेमोइन्यनं ते ओळखलं. साखरेबरोबर प्रोपिऑनिक आम्ल दिलं की साखळीत मधेमधे व्हॅलरेट नावाचा तुकडा येतो आणि पीएचबीव्ही तयार होतं. आयसीआय कंपनी हेच बायोपोल नावानं विकायची, म्हणजे माल काय कालचा नाही.

पहिली डोकेदुखी उष्णतेची. नुसतं पीएचबी १७५-१८० अंशाला वितळतं आणि त्याच्या थोडं वर गेलं की साखळ्या तुटायला लागतात, मधे जागाच नाही. गुऱ्हाळात पाक उतरवायला जरा उशीर झाला की जे होतं तेच इथं, फक्त इथं वेळ मिनिटांत मोजायची. माझ्या ग्रेडमध्ये व्हॅलरेट अगदी थोडं, त्यामुळं वितळायचा आकडा फार खाली येत नाही. आम्ही बॅरल (मशीनची माल वितळवायची नळी) १८० च्या वर जाऊ देत नाही, आतला माल ढकलणाऱ्या स्क्रूचा वेग कमी, आणि जेवणाच्या सुट्टीत बॅरल भरलेला ठेवायचा नाही, आधी पर्ज करायचं, म्हणजे आतला माल बाहेर काढून टाकायचा. जास्त तापला की क्रोटोनिक आम्लाचा झोंबणारा वास येतो आणि वितळलेला माल पाण्यासारखा पातळ होऊन फ्लॅश सुटतो, म्हणजे साच्याच्या फटीतून पापुद्रा बाहेर येतो. रनर (साच्याच्या वाटेत जमलेला जादा माल) दळून परत टाकायचा तर थोडाच, कारण दर वेळी तापवला की साखळी आणखी तुटते.

दुसरी गोष्ट उलटीच. आपल्याला सवय गार डायची, म्हणजे साच्याची, सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ) वाचतो म्हणून. इथं गार डायमध्ये पीस कच्चा राहतो, डायलाच चिकटतो आणि पीस ढकलून काढणारी इजेक्टर पिन लागेल तिथं खड्डा पडतो. डाय ६० अंशाच्या आसपास गरम ठेवली की माल लवकर स्फटिक धरतो आणि पीस सुटा पडतो. हे जीवाणूचं पॉलिमर इतकं शुद्ध असतं की स्फटिक सुरू व्हायला त्यात धूळकण सुद्धा नसतात, मग थोडेच पण मोठे गोळे वाढतात, स्फेरुलाइट म्हणतात त्यांना, आणि त्यातच भेगा पडतात. म्हणून न्यूक्लिएटिंग एजंट, म्हणजे स्फटिक सुरू करून देणारी बोरॉन नायट्राइड, टाल्क वगैरे पूड, आधीच मिसळलेला दाणा मागून घ्या भावा. त्याच्याशिवायचा माल स्वस्त मिळाला तरी नको.

आता क्लिपचं. ताजी क्लिप मस्त वाकायची, गिऱ्हाईकही खूष. पण उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये खोक्यात राहिली आणि नंतर वाकवली की कट्कन दोन तुकडे. माल खराब नव्हता, स्वभावच तसा आहे. याचं काच-संक्रमण तापमान (ग्लास ट्रान्झिशन), म्हणजे ज्याच्या खाली साखळ्यांची हालचाल थांबते ते, ५ अंशाच्या आसपास. कोल्हापूरची थंडी कितीही पडली तरी आपण त्याच्या वरच, त्यामुळं उरलेला मोकळा, स्फटिक न झालेला भाग गोदामात पडल्यापडल्या स्फटिक होत राहतो आणि पीस कडक होत जातो. ११०-१२० अंशाला ओव्हनमध्ये काही तास ठेवलं की ठिसूळपणा बराच उतरतो, करून बघितलंय, पण क्लिपेच्या दरात ते वीजबिल बसत नाही.

दाणा विकणारे सांगतात व्हॅलरेट आहे म्हणजे लवचिक. अर्धं खरं. व्हॅलरेटचा तुकडा पीएचबीच्या स्फटिकात बसून जातो, बाहेर फेकला जात नाही, त्यामुळं वितळायचं तापमान उतरतं (व्हॅलरेट २० टक्के असलं तर १४५ च्या आसपास) पण स्फटिकांचं प्रमाण निम्म्याच्या वरच राहतं. खरी नरमाई पाहिजे तर पीएचबीएच बघा, त्यात व्हॅलरेटऐवजी हेक्झॅनोएटचा तुकडा असतो, त्याची बाजूची शेपटी लांब आहे, स्फटिकात मावत नाही, म्हणून स्फटिकच कमी होतात. थोडा नमुना मागवून क्लिपा काढल्या, अजून वाकतायत. पण जमायला लई वेळ खातो, सायकल टाइम बघून आमचा ऑपरेटर वैतागला.

कुंड्यांचं मात्र समाधान आहे. पावसाळ्यात मातीत पुरलेल्या पातळ कुंडीला भोकं पडली, मुळं बाहेर आली, त्याच खड्ड्यातला जाड स्प्रू (माल डायमध्ये शिरतो तिथला दांडा) जवळपास जसाच्या तसा निघाला. जीवाणू आधी मोकळा भाग खातात, स्फटिक नंतर, आणि खाणं वरून आत जातं, म्हणून भिंत जेवढी पातळ तेवढं बरं.

दर पीपीच्या कितीतरी पट, ते वेगळं सांगायला नको. पुढच्या ऑर्डरला कुंड्या याच दाण्यात, क्लिपा पीएचबीएचमध्ये, आणि क्लिपचा दर वाढवून सांगितलाय, गिऱ्हाईक अजून विचार करतंय.