पाणी दुधाळ झालंय? आधी टेस्ट किट घ्या, 'क्लिअर वॉटर'ची बाटली राहू दे

रिव्ह्यू कशाचा ते आधी सांगते. एपीआय कंपनीचं फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट, माशांच्या टाकीचं पाणी तपासायला काचेच्या नळीत थेंब टाकून रंग जुळवायचं असतं ना, ते. रत्नागिरीत मला दुकानात कुठे दिसलं नाही, ऑनलाईन मागवलं, महाग आहे, नवऱ्याने किंमत बघून 'एवढ्यात पापलेटं किती आली असती' हे ऐकवून झालं. तरी माझ्याकडून पाचपैकी पाच.

आमच्याकडे ॲक्सोलॉटल आहे, म्हणजे मेक्सिकोतला, जन्मभर पाण्यातच राहणारा सरड्यासारखा दिसणारा बेडकाचा भाऊबंद, नाव बाबल्या, पांढरा, गुलाबी कल्ल्यांचा, मुलाने पुण्याहून आणलाय. कोकणात हा प्राणी पाळायचा म्हणजे मुळात हौसेला मोल नाही, कारण त्याला पाणी लागतं 16 ते 18 डिग्रीचं आणि इथे मे महिन्यात टाकीतलं पाणी 30 च्या खाली यायला तयार नसतं. पंखा लावून पाणी गार होतं म्हणतात ते देशावर होत असेल, इथे हवाच एवढी दमट की पाणी उडणार कुठे, मग चिलर, म्हणजे पाणी गार करायचं यंत्र, घ्यावा लागला, त्याच्या बिलाबद्दल न बोललेलं बरं. घरी येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, 'ह्याला खातात काय?' (मेक्सिकोत पूर्वी खरंच खायचे, त्यामुळे प्रश्न अगदीच काही वेड्यासारखा नाही.)

तर नवी टाकी लावली आणि काही दिवसांत पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. शहरातल्या एका दुकानात गेले तर त्याने टाकी किती लिटरची, आत काय आहे, कधी लावली, काही म्हणजे काही न विचारता एक बाटली काढून दिली, 'वहिनी, एक झाकण टाका, उद्या बघा काच!' ह्या औषधाचं काम एवढंच की पाण्यातले बारीक कण एकमेकांना चिकटवायचे, म्हणजे ते खाली बसतात नाहीतर स्पंजात अडकतात. चिखलाचं पाणी असेल तर ठीक आहे. पण बॅक्टेरियामुळे आलेला पांढुरकेपणा असेल तर फक्त दिसायला स्वच्छ होतं, अमोनिया, म्हणजे घाणीतून तयार होणारं विष, जागच्या जागी. आणि बाबल्याच्या जातीची कातडी पाण्यातलं बरंच काही शोषून घेते, माशाला चाललं ते ह्याला चालेलच असं नाही. बाटली तिथेच ठेवली आणि त्याच्याकडून साधा स्पंज फिल्टर घेतला, तो मात्र चांगला निघाला, प्रवाह हलका असतो त्यामुळे बाबल्या वैतागत नाही.

चिखल की बॅक्टेरिया हे ओळखायला पैसे लागत नाहीत हां. काचेच्या ग्लासात टाकीचं पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाला तांबूस थर दिसला तर ती आपली जांभ्याची माती, पहिल्या पावसानंतर विहिरीला हमखास येते, फिल्टरमध्ये पांढरा पॉलिस्टरचा कापूस भरला की ती निघते. तळाला काही नाही आणि ग्लास तसाच धुरकट, तर बॅक्टेरिया. हिरवं दिसत असेल तर शेवाळ, टाकी उन्हातून हलवा. आमचा ग्लास धुरकट.

आता किट. अमोनियासाठी 5 मिली पाण्यात पहिल्या बाटलीचे 8 थेंब, दुसरीचे 8, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं म्हणजे शून्य, जेवढं हिरवं तेवढं वाईट. नायट्राइटला 5 थेंब, आकाशी म्हणजे शून्य, जांभळं म्हणजे आहे. नायट्रेटला मात्र आळस चालत नाही, दुसरी बाटली अर्धा मिनिट दणकून हलवायची, थेंब टाकल्यावर नळी पुन्हा मिनिटभर, कारण औषध तळाशी बसलेलं असतं आणि नीट नाही हलवलं तर आकडा कमी दाखवतं, मग लोक खूष, सगळं छान आहे म्हणून. रंग घरातल्या बल्बखाली बघू नका, आम्ही नळी घेऊन पडवीत जातो, कार्डाच्या पांढऱ्या भागावर धरून दिवसाच्या उजेडात. 0 आणि 0.25 ह्यातला फरक एरवी कळतच नाही.

आमचं आलं अमोनिया 2 (हे आकडे पीपीएममध्ये, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम), नायट्राइट 0, नायट्रेट 0. टाकी लावून आठवडे झाले होते तरी. म्हणजे विष्ठेतला आणि उरलेल्या खाण्यातला अमोनिया तयार होतोय, पण त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जे उपयोगी बॅक्टेरिया असतात ते कामाला लागलेच नाहीत, आणि उरलंसुरलं खाऊन दुसरेच बॅक्टेरिया फुगलेत, तोच तो पांढरा धूर. हे का, ते पीएचने, म्हणजे पाणी किती आम्ल ते दाखवणाऱ्या आकड्याने, सांगितलं. नळी पिवळीधमक, 6 किंवा त्याच्याही खाली, कारण किट 6 च्या खाली दाखवतच नाही. केएचची, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट मोजायची टेस्ट ह्या किटमध्ये येत नाही, ती वेगळी घ्या, कोकणातल्यांनी तर घ्याच. त्यात निळ्याचं पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे, आमचं पहिल्याच थेंबाला पिवळं! म्हणजे पाण्यात कार्बोनेट जवळपास नाहीच. जांभ्यातून आलेलं विहिरीचं पाणी हे असं, प्यायला गोड, डाळ पटकन शिजते, पण ते बॅक्टेरिया स्वतःच आम्ल तयार करतात, ते झेलायला पाण्यात काही नसेल तर पीएच घसरतो आणि त्यांचंच काम थांबतं. पुण्यामुंबईच्या व्हिडिओत हे कोणी सांगत नाही, तिथे सगळ्याला उत्तर एकच, धीर धरा.

उपाय सोपा निघाला. तिसऱ्यांच्या शिंपल्या, ज्या आपल्याकडे उकिरड्यावर जातात, त्या उकळून घासून उन्हात कडक वाळवल्या आणि जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या बुडबुड्यांजवळ बांधल्या, त्यातलं कार्बोनेट हळूहळू पाण्यात उतरतं. पिशवी घट्ट बांधा, बाबल्या तोंडात मावेल ते गिळतो. पण हे करायच्या आधी एक गोष्ट नीट वाचा. पीएच कमी असताना अमोनिया बराचसा अमोनियमच्या रूपात असतो, त्याचा त्रास कमी. पीएच वर गेला की त्याचाच जहरी अमोनिया होतो. म्हणून पाणी अमोनियाने भरलेलं असताना शिंपल्या किंवा सोडा ओतून पीएच चढवायचा नाही. आम्ही बाबल्याला टबात काढलं, टबातलं पाणी रोज पूर्ण बदलायचं, तेवढ्याच गारव्याचं, आणि इकडे टाकीचं पाणी थोडं थोडं बदलून अमोनिया खाली आणला, मगच शिंपल्या. काही दिवसांनी नायट्राइटची नळी जांभळी झाली तेव्हा घरात केवढा आनंद, मग नायट्रेट केशरी झालं, आणि पाणी मधल्या मध्ये कधी निवळलं ते कळलंही नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर टिकले तेव्हा बाबल्या परत टाकीत.

खाण्याचंही सांगते, गोठवलेल्या ब्लडवर्मच्या (लाल अळ्यांच्या) वडीने पाणी फार लवकर खराब होतं, गांडूळ द्या, अख्खं गिळतो, मागे काही उरत नाही. उरलंच तर पिचकारीने लगेच काढा.

पावसाळ्यात ग्रामपंचायतीची माणसं विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकून जातात, त्या दिवसांत विहिरीचं पाणी थेट टाकीत घालू नका आणि स्पंजही त्यात धुऊ नका, जमवलेले बॅक्टेरिया मरतील आणि पहिल्यापासून सगळं सुरू. स्पंज नेहमी टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा. क्लोरीन काढायचं औषध घरात असू दे.

किट मागवलं की बाटल्यांवरचा लॉट नंबर बघा, शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा महिना आणि वर्ष, फार जुनं आलं असेल तर त्याच दिवशी परत करा. आणि टेस्ट झालेलं नळीतलं पाणी टाकीत ओतू नका, लहान मुलांना नळ्या धुवायला देऊ नका, नायट्रेटच्या बाटलीत ॲसिड असतं.