माधवराव सिंधियांवरची हाफ डे गाईड टूर, पाचपैकी साडेतीन

पुण्याहून मावशी आलेली म्हणून ही टूर घेतली, नाहीतर आम्ही ग्वाल्हेरवाले कशाला पैसे देऊन आपलंच गाव बघतोय. जयविलासमध्ये, म्हणजे सिंधियांच्या राजवाड्यात, जेवणाच्या टेबलावर फिरणारी ती चांदीची रेल्वे बघून मावशी म्हणाली, रेल्वेमंत्री होणारच होता की मग हा! गाईडदादांनी तिथूनच विषय उचलला, १९८४ ला अटलजींना इथेच हरवलं, मग रेल्वे खातं, १९८८ ची पहिली शताब्दी एक्सप्रेस, आणि १९९० ते ९३ क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष. हा भाग खरंच मस्त सांगितला. १९९३ च्या सुरुवातीला भाड्याने घेतलेलं विमान कोसळलं, कोणी दगावलं नाही तरी विमान वाहतूक मंत्रीपदाचा राजीनामा दिला, हे मला माहीतच नव्हतं राव. आणि २००१ ला गेले तेही विमान अपघातातच.

पण रूपसिंग स्टेडियमला फक्त गेटबाहेर पाच मिनिटं, आणि तिथे नुसतं सचिनचे २००, सचिनचे २००, अहो ते २०१० चं, बोर्डाचं काय ते सांगा ना! मराठीत सांगतो म्हणाले होते, अर्ध्यातून हिंदीच सुरू. गाडीतला एसी पण नावालाच. सकाळची बॅच घ्या, दुपारी जाऊ नका.